गंज येणे बाकी

प्रश्न पहिला

नाव सांगा.

सरिता रुपेश थूल.

प्रश्न दुसरा

गाव?

हिवरदरी. केळझरच्या अलीकडे फाटा फुटतो, तिथून आत.

प्रश्न तिसरा

हा वास कसला येतोय?

उत्तराची जागा कोरी आहे. ते येईपर्यंत एसडीओ मॅडमनी पंखा वाढवायला सांगितला, त्यामुळे वास खोलीच्या चारही कोपऱ्यांत पोचला. सरिताच्या खुर्चीशेजारी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गंज ठेवलेला होता, शंभर माणसांचा भात शिजेल एवढं पातेलं. गंजापलीकडे तिचे चुलत सासरे चंद्रभान हातात एक कागद धरून उभे होते. कागदावर शिक्का होता. सही नव्हती.

जाहिरात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर होती तशी

पोलीस पाटील पद. मौजा हिवरदरी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा. महिलेसाठी राखीव. किमान दहावी पास. गावची रहिवासी. चारित्र्य चांगले. अट सातवी: उमेदवार कोणत्याही शासकीय, सहकारी किंवा नोंदणीकृत संस्थेची थकबाकीदार नसावी. कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी.

खाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं: गुडघेदुखीवर खात्रीचा इलाज, भेटा.

कुठे भेटा ते लिहिलं नव्हतं. गावात ते लिहायची गरज नव्हती.

खुर्च्या

सरिताने अर्ज भरला त्याच आठवड्यात सिंदीहून दोन लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि अंगणात कडुनिंबाखाली मांडल्या.

"पद आलं नाई अन् फर्निचर आलं," रुपेश म्हणाला. त्याचा मालवाहू ऑटो होता, खुर्च्या त्याच्याच ऑटोतून आल्या होत्या आणि भाडं मिळालं नव्हतं.

"पद आल्यावर धावपळ नको."

"अन् नाई आलं तं?"

"तं तू बस एकीवर अन् मी दुसरीवर."

खुर्च्यांचं कारण जुनं होतं. आधीचे पोलीस पाटील आपल्या ओसरीत बसायचे आणि दाखल्याला आलेली माणसं पायरीखाली उभी राहायची. बौद्ध वस्तीतली माणसं तर पायरीपासूनही जरा लांब. सरिता एकदा कडेवर तापलेली पोरगी घेऊन तिथे उन्हात उभी होती आणि पाटील बशीत चहा ओतून फुंकत होते. चहा निवला, मग सही झाली. त्या दिवशी तिने दोन खुर्च्या मनात मांडल्या होत्या. आता फक्त त्या सिंदीहून आणल्या.

लेखी परीक्षेत ती पहिली आली. दुसरी आचल, प्रभाकररावांची सून. चौकातलं किराणा दुकान प्रभाकररावांचं. आचल दोन मार्कांनी मागे होती आणि फार गोड बोलत होती.

अर्ज घेताना वर्ध्याच्या कार्यालयातल्या बाबूंना सरिताने विचारलं होतं, "सर, सातव्या अटीवर एवढा जोर काऊन?"

बाबू म्हणाले, "समजा, तुम्ही माझं देणं लागता. आणि मी गावात काही वाकडं केलं. तुम्ही ठाण्यात माझी वर्दी द्याल?"

सरिता विचारात पडली.

"हे असं," बाबू म्हणाले. "तुम्ही जेवढा वेळ थांबल्या ना, तेवढ्यासाठी अट आहे. पोलीस पाटलाच्या मानेवर कोणाचा हात नको."

"माह्या मानेवर कोणाचाच नाई, सर."

घरपट्टी भरलेली, पाणीपट्टी भरलेली, सोसायटीचं काही नाही, बचत गटाचा शेवटचा हप्ता दिलेला. चार ठिकाणची नादेय प्रमाणपत्रं जोडून ती घरी आली. मुलाखतीची तारीख लागली. आणि मग

हरकत

प्रति, मा. उपविभागीय अधिकारी. सदर उमेदवार श्रीमती सरिता हिच्याकडे आमच्या नोंदणीकृत विहार समितीचा जर्मनचा गंज, नग एक, झाकणासह, येणे बाकी आहे. उमेदवार ही माझी पुतणसून असून स्वभावाने उत्तम आहे. लेखीत पहिली आली याचा मला आनंद आहे. तिलाच नेमावे. परंतु गंज मिळाल्यावर.

आपला विश्वासू, चंद्रभान थूल, सचिव (भांडी).

"काकाजी, घरच्याच सुनेवर हरकत?"

"मी तुह्या विरोधात नाई, सूनबाई," चंद्रभान म्हणाले. "मी गंजाच्या बाजूनं हाओ."

"आपण नवा आणून देऊ ना."

"त्याच्यावर माह्या मायचं नाव असन काय?"

"टाकून घेऊ नाव," रुपेश म्हणाला.

"नाव कोणत्याई भांड्यावर टाकता येते. मायनं जाताना सांगतलं होतं, माह्या नावानं जेवण नका घालू, भांडं द्या. जेवण एकदाच होते. तो गंज मायनं दिला. तू आणशील तो दुकानदारानं दिला असन."

चंद्रभान यांच्या आई धुरपताबाई थूल आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात भांडी घासत आल्या होत्या. त्यांच्या नावाचं भांडं गावाला जेवायला घालत फिरावं ही त्यांची हौस होती, आणि समिती नोंदणीकृत करून घ्यायची ही चंद्रभान यांची. दोन्ही हौशी आता सरिताच्या वाटेत उभ्या होत्या.

हिवरदरीत भांडं कसं फिरतं

भांडं विहारातून निघतं. नेणाऱ्याचं नाव चंद्रभान लिहून घेतात. मग भांडं परत यायला हवं. पण विहार गावाच्या एका टोकाला, आणि ज्याच्याकडे पुढचं कार्य आहे तो दोन घरं सोडून. इकडून तिकडे न्यायचं, तिकडून परत इकडे आणायचं, कशाला? पुढचा माणूस मागच्याच्या अंगणातून भांडं उचलून नेतो. त्याच्या अंगणातून त्याच्या पुढचा. सगळ्या गावाला भांडं कुठे आहे ते माहीत असतं. फक्त विहारात ते पहिल्याच माणसाच्या नावावर बसलेलं असतं.

सरिताने गंज नेला तेव्हा तिच्या पोरीचा पाळणा होता. पोरगी आता अंगणवाडीत जाते.

गुलाब

"गंज? तो तं मी तुह्याच अंगणातून नेला. तूच हात लावला उचलाले."

"हो, गुलाबभाऊ. मंग आता कुठं हाय?"

"नव्या घराचं जेवण झालं, दुसऱ्या दिवशी तानाबाई घेऊन गेली."

"अन् काकाजीले सांगतलं काऊन नाई?"

"मले वाटलं तू सांगशील. तुह्या नावावर हाय ना तो!" गुलाबने परसातल्या लिंबाच्या झाडाला हात घातला. "हे लिंबं घेऊन जाय. अन् पोलीस पाटील झाली की माह्या वावराच्या धुऱ्याच्या भांडणाचं ध्यानात ठेवजो."

तानाबाई

"अवो, त्या गंजात गव्हाचा चीक असा शिजला का बाप्पा, इचारू नको! कुरोड्या पाय कशा पांढऱ्याफेक झाल्या."

"गंज, आत्या."

"बुडाले लागतच नाई ना. धुरपताबाईची नजरच होती भांड्यात."

"आत्या, गंज कुठं हाय?"

"बापूरावनं नेला, म्हशीची सरकी भिजवाले. ह्या कुरोड्या घे. नाई नको म्हणू. अन् माह्या नातवाले ते गाडीचं लायसन नाई, तं तेवढं जरा..."

बापूराव

"सरकी नाई भिजवली, खोटं काऊन बोलू. उन्हाळ्यात नातवंडं आंघोळ करत त्याच्यात. दोघं मावत. मंग प्रभाकररावच्या निकेशच्या मंडळाचे पोट्टे आले अन् गणपतीच्या महाप्रसादाले घेऊन गेले."

"धुऊन दिला होता ना, बापूरावजी?"

"आंघोळच करत होते म्हटलं ना, पोरी. त्याच्यापेक्षा जास्त काय धुणार?"

बापूरावांनी वांगी दिली. त्यांचंही एक काम होतं, पण ते पद मिळाल्यावर सांगणार होते.

पिशवी जड होत गेली. सरिताला ती हातात धरवेना, म्हणून खांद्याला लावली.

चौकात

आचलचा नवरा निकेश दुकानात तुरीची डाळ मोजत होता. "गंज आमच्याच घरी हाय वाटते, वहिनी. महाप्रसाद झाला अन् मीच आणून टाकला गोदामात. आईले इचारा. पण अशा एकदम आत जाऊ नका हां, आई कोणाले जाऊ देत नाई. काढा करून राह्यली असन."

"कसला काढा?"

"गुडघ्याचा," निकेश म्हणाला, आणि डाळीत फार लक्ष घातलं.

आचल पुस्तक घेऊन गल्ल्यावर बसली होती. "सरिताताई, गंज नाई सापडला तं मले खरंच वाईट वाटन," ती म्हणाली. पुस्तक पोलीस पाटलाच्या कर्तव्यांचं होतं आणि अर्ध्याच्या वर वाचून झालं होतं.

गोदाम

आता सुलोचनाबाईंबद्दल सांगायला हवं. प्रभाकररावांची बायको, निकेशची आई, आचलची सासू. भजनी मंडळाच्या अध्यक्ष. आणि लॉकडाऊनमध्ये रुपेशचा ऑटो अंगणात उभा असताना दुकानाच्या मागच्या दाराने तांदूळ, डाळ, तेल देणारी बाई. चार महिने. "लिहीत नाई मी. सेठजीले माहीत नाई, तूही बोलू नको," असं म्हणून, नवऱ्याच्या नकळत, पिशवी हातात द्यायची. नंतर सरिता पैसे घेऊन तीनदा गेली. तिन्हीदा सुलोचनाबाईंनी तिला चहा पाजून परत पाठवलं.

चार ठिकाणची नादेय प्रमाणपत्रं घेताना हे सरिताच्या ध्यानातही आलं नव्हतं. लिहिलेलंच नव्हतं कुठे.

गोदामात रिकाम्या बोऱ्यांच्या थप्पीमागे गंज होता. तीन विटांवर. तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्याखालून बुडबुडल्यासारखा आवाज येत होता. बाजूला दुसरं भांडं, नळी, बादली. गंजाच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं धुराने काळी झाली होती, तरी वाचता येत होती: कालकथित धुरपताबाई थूल यांच्या स्मरणार्थ.

"काकू, हे काय?"

"काढा."

"कशाचा?"

"मोहाचा. गुडघ्याले लावाचा."

"लावाचा का प्याचा?"

"आता ज्याचा गुडघा आतूनच दुखते त्यानं कुठून लावावं, तूच सांग."

"काकू, जिल्ह्यात बंदी हाय."

"दारूले हाय. अन् मी कुठं विकून राह्यली? आपण फुटाण्याची पुडी विकतो, पन्नास रुपयाले. काढा संग फुकट."

गावातली बरीच माणसं अलीकडे फुटाणे खाऊ लागली होती, हे सरिताने पाहिलं होतं. तिला ते आरोग्याचं वाटलं होतं.

"काकू, आमच्या विहाराचं भांडं चालते तुमच्या घरात?"

"घरात कुठं आणलं? गोदाम हाय हे." सुलोचनाबाई सहज म्हणाल्या. मग आपण काय म्हणालो ते त्यांना ऐकू आलं असावं, कारण त्यांनी फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. "बूड जाड हाय न त्याचं. लागत नाई."

"मले गंज पाहिजे. आजच. उद्या मुलाखत हाय."

"तीन दिवसानं ने. आंबू दे."

"तीन दिवसानं आचल पोलीस पाटील झाली असन."

हे ऐकून सुलोचनाबाई बोरीवर मटकन बसल्या.

"नको वो! ते पोट्टी कायद्याची हाय. घरात वास येते म्हणून दिवसातून तीनदा उदबत्त्या लावते, अजून तिले कळलं नाई कशाचा. ते झाली तं घरातच ठाणं! निकेशनं भरला तिचा फॉर्म, मले न इचारता. तू झाली पाहिजे, सरिता. ने गंज, आत्ताच ने. नादेय घे, पाटील हो, अन् मंग आपलं निवांत चालू."

"आपलं?"

"तं का? तू का मले परकी हायस? लॉकडाऊनात मी तुले कधी काई इचारलं?"

आणि त्यांनी प्रेमाने सरिताच्या खांद्यावर हात ठेवला. खरंच प्रेमाने. पण खांदा आणि मान यांच्यात अंतर फार कमी असतं.

"काकू, ते पैसे सांगा न किती झाले. आज देते."

"वेडी हायस काय! तुह्या माह्यात हिशेब?"

"मले कोणी इचारलं तं मले सांगावं लागन."

"कोण इचारते? गंजाले का तोंड हाय?"

दोघींनी मिळून गंज नालीत ओतला. आंबलेल्या मोहाचा सडवा उतारावरून चौकापर्यंत गेला, आणि थोड्याच वेळात नालीच्या दोन्ही काठांना माणसं येऊन हळहळत उभी राहिली. त्यांत असे काही गुडघे होते, जे महिनाभर उठत नव्हते.

गंजाला तोंड आहे

राख. चिंच. गुलाबची लिंबं, सगळी. कपड्याची पावडर. कडुनिंबाचा पाला उकळून. रुपेशने सुचवलं म्हणून आत उदबत्ती लावून वरून झाकण.

आता मोहाचा आणि उदबत्तीचा, असे दोन वास येऊ लागले.

चंद्रभान विहाराच्या फाटकाशी आडवे उभे राहिले. गंजाच्या पोटावरून त्यांनी हात फिरवला, आईचं नाव बोटाने पुसलं. मग वाकले आणि तसेच सरळ झाले.

"आत नाई न्याचा."

"काकाजी, गंज आला ना? सही करा."

"आत आपण रोज संध्याकाळी पाचवं शील म्हणतो. दारू नाई पिणार म्हणून. अन् कोपऱ्यात हा ठेवू? मायच्या नावाचा?"

"मंग बाहेर ठेवा, पण सही करा."

"भांडं अर्धं परत आलं तं अर्धी सही करू काय?" चंद्रभान खरोखर दुःखी होते. "मले तं वाटते सूनबाई, तूच व्हावं. पण लिहून काय देऊ? गंज मिळाला? हा असा नव्हता दिला आम्ही."

म्हणून सकाळी रुपेशच्या ऑटोत गंज, गंजाला धरून चंद्रभान आणि त्यांच्या खिशात बिनसहीचं नादेय, असं सगळं वर्ध्याला निघालं. सरिता पुढे, रुपेशजवळ.

"कोणाच्या घरी होता ते मले सांगू नका," चंद्रभान मागून ओरडले. "मले माहीत झालं तं मले हरकत घ्यावी लागन!"

"त्यायनं इचारलं तं सांगजो, दूध नासलं म्हणून," रुपेश हळूच म्हणाला.

"असं नासते काय दूध?"

"त्या मॅडम पुण्याकडच्या हाये म्हणते. त्यायले का कळन मोह?"

सरिताने मागे वळून गंजाचं झाकण नीट बसलंय का ते पाहिलं.

"काकूचं नाव नको घेऊ, सरे. चार महिने पोरीच्या पोटात तिचंच अन्न होतं."

"म्हणूनच तं," सरिता म्हणाली.

"म्हणूनच काय?"

पण समोरून ट्रक आला आणि रुपेशला रस्त्याकडे पाहावं लागलं.

प्रश्न तिसरा, पुन्हा

हा वास कसला येतोय?

"मोहाचा, मॅडम. या गंजात सडवा होता. काल दुपारपर्यंत."

बाबूंचा पेन थांबला. चंद्रभान यांनी दोन्ही हातांनी कान झाकले, पण फार घट्ट नाही.

"कोणाकडे?"

दूध नासलं, असं म्हणायला एक क्षण पुरला असता. लाल खुर्च्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या. एका खुर्चीत ती होती आणि दुसरीत सुलोचनाबाई, रोज, निवांत, खांद्यावर हात ठेवून.

"सुलोचनाबाईंकडे. प्रभाकररावांच्या दुकानामागं गोदाम आहे, तिथं. गुडघ्यासाठी म्हणून काढतात, पण गुडघे फार झाले आहेत गावात."

"हे लिहून घेतलं तर पोलिसांकडे जाईल. कळतंय ना?"

"हो."

"तुम्ही अजून पोलीस पाटील नाही. सांगायची घाई काय होती?"

"झाल्यावर जड गेलं असतं, मॅडम."

"का?"

"मी त्यांचं देणं लागते. चार महिन्यांचं राशन. कुठं लिहिलेलं नाही. माझ्या नादेय प्रमाणपत्रांत ते आलं नाही, म्हणून तुम्हीच लिहून घ्या."

बाबू खाकरले. "मॅडम, सातव्या अटीत नोंदणीकृत संस्था म्हटलंय. सुलोचनाबाई नोंदणीकृत नाहीत."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "त्यांनी मागितलं का कधी?"

"मागितलं असतं तर फेडलं असतं. त्या मागत नाहीत, तेच तर."

"आणखी कोणाचं काही?"

"तानाबाईच्या कुरोड्या. बापूरावांची वांगी. गुलाबभाऊंची लिंबं होती, ती गंज घासण्यात गेली. प्रत्येकाचं एकेक काम आहे माझ्याकडं."

बाबू कुरोड्या लिहू लागले होते. मॅडमनी हाताने थांबवलं. मग त्या चंद्रभान यांच्याकडे वळल्या.

"तुमची हरकत होती. गंज मिळाला का?"

"मिळाला, मॅडम. वासासहित."

"समितीने गंज दिला तेव्हा वास दिला होता?"

"छे, छे!"

"म्हणजे वास समितीचा नाही."

"नाई."

"मग समितीचं जे होतं, तेवढं सगळं परत आलं की नाही?"

चंद्रभान यांनी गंजाकडे पाहिलं. झाकण मोजलं, एक. गंज मोजला, एक. बराच वेळ त्यांचे ओठ हलत राहिले. मग त्यांनी बाबूंचा पेन मागितला आणि उभ्याउभ्याच सही केली.

"अन् वासाचं?" सही झाल्यावर त्यांनी विचारलं.

"तो पोलिसांच्या ताब्यात," मॅडम म्हणाल्या.

नेमणुकीचा आदेश आला, त्यानंतर

खुर्च्या रिकाम्या होत्या.

पोलीस गोदामात येऊन नळी आणि बादली घेऊन गेले, सुलोचनाबाईंवर केस झाली, दंड झाला. वय पाहून तेवढ्यावर भागलं. प्रभाकररावांना आपल्या दुकानात फुटाणे एवढे कसे खपत होते ते त्या दिवशी समजलं. आचलने सगळ्या उदबत्त्या गोळा करून मंदिरात नेऊन दिल्या. ती सरिताला भेटून एवढंच म्हणाली, "मले कळलं असतं तं मीही सांगतलं असतं, ताई. पण जेवाले कुठं बसली असती मंग?"

गंज उन्हात, पावसात, पुन्हा उन्हात पडून राहिला आणि एके दिवशी चंद्रभान यांनी वाकून पाहिलं व न बोलता आत नेला.

पण सरिताच्या अंगणात कोणी येईना. ज्यांना दाखला हवा ते शेजारच्या गावच्या पाटलाकडे विचारून यायचे आणि तिथून हाकलले गेले की घरीच बसायचे. गुलाबचं धुऱ्याचं भांडण त्याने स्वतःच मिटवलं, असं त्याने तीनदा ऐकवलं. तानाबाई समोरून गेली तरी पदर सावरण्यात गुंतलेली असायची. सरिता सकाळी खुर्च्या पुसायची, संध्याकाळी आत घ्यायची.

"मीच बसू काय?" रुपेशने विचारलं. "तू म्हटलं होतं."

"बस," सरिता म्हणाली. तो बसला. दाखला मात्र त्याला काही नको होता.

मग एका दुपारी काठी टेकत सुलोचनाबाई आल्या. थेट अंगणात. सरिता उठायच्या आत त्या खुर्चीवर बसल्याही.

"बसा, काकू."

"बसलीच हाओ. मले तुह्याशी बोलाचं नाई. दाखला पाहिजे."

"कशाचा?"

"रहिवासाचा. दवाखान्यात मागतला. गुडघा बदलून राह्यले माहा. तुह्याच मुळं. काढा असता तं चाललं असतं अजून दहा वर्षं."

सरिताने कागद आणला, कडुनिंबाच्या बुंध्याशी लिहायला बसली. सुलोचनाबाईंनी कंबरेची पिशवी उघडली, घडी घातलेला एक कागद काढला आणि सरिताच्या मांडीवर टाकला.

"हे वाच पयले."

तांदूळ. तूरडाळ. तेल. तिखट. मीठ. पोरीची बिस्किटं. चार महिन्यांचं, ओळीने, सेठजींच्या वळणदार अक्षरात. खाली बेरीज.

"बिस्किटं मी पोरीले फुकट दिली होती," सुलोचनाबाई म्हणाल्या. "ते आता लावली. अन् भाव आजचे लावले."

सरिताने बेरीज दोनदा पाहिली. तिच्या अंदाजापेक्षा बरीच मोठी होती. तिला हसू आलं, मग ते आवरेना, तिने पदर तोंडाला लावला.

"हसून काऊन राह्यली? पैसे काढ."

"हप्त्यानं देईन, काकू. दर महिन्याले. पहिला आजच घेऊन जा."

"आजच पाहिजे. अन् पुरा होयेपर्यंत तू माही थकबाकीदार. मी हरकत घेईन, वर्ध्याले, लेखी!"

"घ्या ना. पण त्या अर्जाले गावचा रहिवासी असल्याचा दाखला जोडावा लागते."

"तं जोडीन."

"तो पोलीस पाटलाच्या सहीचा लागते, काकू."

सुलोचनाबाईंनी दुसरी लाल खुर्ची काठीने जवळ ओढली, दुखरा पाय तिच्यावर ठेवला आणि क्षणभर विचार केला.

"मंग एक काऊन लिहून राह्यली?" त्या म्हणाल्या. "दोन लिही."